विहिरीवरची तिसरी बाई

गोडादऱ्याच्या भटू पाटलांना सिनेमातलं ओ की ठो कळत नाही, यावर ‘ओळखा पिक्चर’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात एकमत होतं. असं एकमत त्या ग्रुपात दुसऱ्या कशावरही झालेलं नाही.

खेळ साधा. रोज एकानं जुन्या पिक्चरमधलं एक दृश्य टाकायचं, नटनट्यांच्या तोंडांवर पिवळ्या हसऱ्या स्मायल्या चिकटवायच्या आणि बाकीच्यांनी कपडे, केस, सोफासेट बघून नाव ओळखायचं. ग्रुपचे चालक शालिग्रामकाका म्हणजे जळगावचे निवृत्त तिकीट तपासनीस. स्मायली सरकून कुणाची हनुवटी दिसली, तरी विनातिकीट प्रवासी सापडल्यासारखे खवळत.

भटूभाऊ पुढच्या माणसांकडे बघतच नसत. नायिका धबधब्याखाली नखशिखान्त भिजत असली, तरी यांचा प्रश्न ठरलेला: “मागे विहीर आहे का कुठे?”

“भटूराव,” काका लिहीत, “आपण पिक्चर ओळखतोय. भूजल खात्यात नोकरीला नाही.”

सगळे खो खो हसत. भटूभाऊही एक हसरं तोंड टाकत आणि पुन्हा साड्यांना भिडत. गोडादऱ्याजवळच्या कापड मार्केटात त्यांचं काम साड्यांच्या घड्या घालायचं. घडी अशी बसवायची की पदर वर आला पाहिजे. पदर दिसला तर गिऱ्हाईक थांबतं, असं शेठचं म्हणणं.

विहीर मात्र त्यांना खरोखरच हवी होती. ते चौथीत असताना शिंदखेड्याजवळच्या त्यांच्या गावात शूटिंग आलं होतं. नायक विहिरीपाशी उभा राहून उसासे टाकणार आणि मागून गावातल्या बाया हंडे घेऊन जाणार. त्यांतली तिसरी त्यांची आई, धुरपदाबाई. पिक्चर कुठे लागायच्या आत ती काविळीनं गेली. पिक्चरचं नाव विचारायचं गावात कुणाला सुचलंच नाही. सगळ्यांनी नायकाचं नाव विचारून घेतलं होतं आणि तो नायक पुढे असा बेपत्ता झाला की नाव कळून उपयोग शून्य. आईचा एकुलता एक फोटो पुराच्या वर्षी पेटीसकट तापीच्या पाण्यात गेला.

मुलगी, जयश्री, कधीमधी गोडादऱ्याच्या शाळेतल्या गुजरातीत विचारायची, “पप्पा, आजी केवी लागती हती?”

“तुनामायक. तुझ्यासारखीच,” ते सांगत.

खरं सांगायचं तर त्यांना आठवतच नव्हतं. हात आठवत, चाल आठवे, हंड्याखालची चुंबळ आठवे. चेहरा तेवढा पुसला गेला होता. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आईचा चेहरा विसरलो, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

आणि एका दुपारी अकोल्याच्या नूतनताईंनी दृश्य टाकलं. पुढे स्मायली चिकटवलेला नायक आणि मागे त्यांची विहीर! तोच वाकडा निंब, त्याच मारुतीच्या पायऱ्या. भटूभाऊंच्या हातातली साडी सुटली.

“आमचं गाव!!!” त्यांनी लिहिलं.

“चूक,” काका म्हणाले. “गाव नको, पिक्चरचं नाव सांगा.”

नाव धुळ्याच्या कुणीतरी ओळखलं. मी इथे सांगत नाही. सांगितलं तरी तुम्हाला आठवणार नाही, इतका तो पडला होता.

रविवारी मार्केट बंद. पिक्चर लावून, मोबाइल डब्याला टेकवून भटूभाऊ आणि त्यांची बायको मालतीबाई बसले. नायकानं उसासा टाकला. मागून बाया आल्या. पहिली कॅमेऱ्याकडे बघून हसली. दुसरी तर थांबलीच. तिसरी आली ती हनुवटीपर्यंत पदर ओढून, आणि तशीच निघून गेली.

भटूभाऊंनी दृश्य मागे नेलं. पुन्हा पदर. पुन्हा मागे. पुन्हा पदर.

“हाई मनी सासू शे का?” मालतीबाईंनी विचारलं.

“तिनीच चाल शे.” ती चाल भटूभाऊंना लगेच ओळखू आली होती.

“मंग तोंड का झाकं?”

भटूभाऊंनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मारुतीच्या पायरीवर, शूटिंगवाल्यांनी मान म्हणून दिलेल्या खुर्चीत, फेटा बांधून त्यांचे आजोबा बसले होते.

“आबा तठे बसेल व्हतात ना,” ते म्हणाले.

सासऱ्यासमोर सून तोंड उघडं टाकून कशी जाईल? मालतीबाईंनीही सासऱ्यासमोर तेच केलं होतं. आजोबांचा चेहरा मात्र, मिशीच्या पिळासकट, स्वच्छ दिसत होता.

“जयश्रीले दखाडशात?” मालतीबाईंनी हळूच विचारलं.

“काय दाखवू? पदर?”

पुढच्या आठवड्यात कोडं टाकायची पाळी भटूभाऊंची होती. त्यांनी नायकाला कापून टाकलं, आजोबांना कापून टाकलं, फक्त तिसरी बाई आणि मागची विहीर ठेवली. खाली लिहिलं: “ओळखा, कोण?”

ग्रुप उसळला. आयुष्यात पहिल्यांदा भटूभाऊंवर कौतुकाचा पाऊस पडला. नूतनताईंनी फुलं पाठवली. “वा भटूराव!” काकांनी लिहिलं. “आम्ही स्मायल्या चिकटवत बसतो, तुम्ही पदरानंच चेहरा झाकलेला शोधून काढलात! याला म्हणतात कोडं!”

धुळेकरांनी विहीर बघून पिक्चरचं नाव टाकलं.

“बाई कोण पण?” कुणीतरी विचारलं.

“कुणी नाही हो, गर्दीतली असणार,” धुळेकर म्हणाले. “भटूभाऊ, बरोबर ना?”

भटूभाऊंनी हातातल्या साडीची घडी घातली. पदर नीट वर आणला, त्यावरून तळहात फिरवला. मग मोबाइल घेतला आणि लिहिलं, “बरोबर.”