दोनशे पंच्याऐंशीचा स्टॉपलॉस

गणित मला येत होतं, हे आधीच कबूल करून टाकतो. न समजता बुडालेल्या माणसाची लोक कीव करतात. मला ती सवलत नको.

मी पेणचा. रोह्याला एका रसायनांच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. तिथेच मोबाईलच्या दुकानाच्या माडीवर दर रविवारी शेअर बाजाराचा क्लास भरायचा. शिकवणारे सर माझ्या मुलीच्या वयाचे. फळ्यावर कायम एकच सूत्र असे: एकास तीन. शेअर घेण्याआधी दोन आकडे लिहायचे. चुकलो तर जिथे विकून मोकळं व्हायचं, तो स्टॉपलॉस. बरोबर ठरलो तर जिथे विकायचं, ते टार्गेट. एक रुपया घालवायची तयारी असेल, तर तीन मिळायची शक्यता हवी.

"काका, दहातले सहा सौदे चुकले तरी तुम्ही फायद्यात," सर म्हणाले.

सहा गेले, बारा आले. मी वहीत दोनदा अधोरेखित केलं आणि कंपनीच्या बसमध्ये शिकवणी सुरू केली. नागोठण्याला चढणारा आमचा फिटर रोज विचारायचा, "काय गुरुजी, आज काय घेऊ?"

"आधी बाहेर कुठे पडणार ते सांग."

"मी व्हय? मी रोह्याला पडनार." अख्खी बस हसायची. मला त्याच्या अज्ञानाचं वाईट वाटायचं.

पहिला सौदा वीस रुपये तोट्याच्या तयारीने आणि साठच्या आशेने घेतला. बारा मिळताच विकून टाकला. पुढे तो शेअर साठ रुपयांहूनही जास्त वाढला. मी पेढे वाटले होते.

पुढच्या सौद्याचे पैसे बायकोचे होते. ती गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तींचे डोळे रेखाटते. दुसऱ्याच्या कारखान्यात, मूर्तीमागे ठरलेल्या दराने. आठ हंगामांची कमाई तिने माझ्या खात्यात ठेवली होती, कारण तिला स्वतःची शेड भाड्याने घ्यायची होती. शेडवाला गुढीपाडव्यापर्यंत डिपॉझिटसाठी थांबणार होता. तोवर पैसे नुसते पडून राहतात, हे माझ्यासारख्या जाणकाराला कसं बघवणार? तिला न विचारता सगळे एकाच शेअरमध्ये घातले. एका सौद्यात थोडेच घाला, असं सर सांगत. पण ते नवशिक्यांसाठी असावं.

तीनशेला घेतला. स्टॉपलॉस दोनशे पंच्याऐंशी, टार्गेट तीनशे पंचेचाळीस. पंधरास पंचेचाळीस. वहीत इतकं देखणं दिसत होतं!

आमच्या कंपनीत फोन गेटवर जमा करावा लागतो. फोनवर स्टॉपलॉस लावून आत जायचं, भाव तिथे आला की शेअर आपोआप विकला जातो. मोह टाळायची याहून चांगली सोय देवालाही सुचली नसती. एका संध्याकाळी भाव दोनशे अठ्ठ्याऐंशीवर थांबला. दुसऱ्या सकाळी गडब गाव मागे पडल्यावर मी बसमध्येच फोन काढला आणि स्टॉपलॉस रद्द केला. फिटरला त्या दिवशी काही शिकवलं नाही.

का केला? पेणचा आहे म्हणून. आमच्याकडे चतुर्थीला न विकलेली मूर्ती कुणी फोडत नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवायची, पुढच्या वर्षी रंगाचा एक हात द्यायचा, वाढीव भावाने विकायची. शेअरही राहील माळ्यावर, माझं काय खातो! पण मूर्ती माळ्यावर असताना तिला दरवर्षी गिऱ्हाईक येतंच. माझ्या शेअरचं गिऱ्हाईक रोज थोडं कमी होत होतं. दोनशे चाळीस. एकशे सत्तर. मी वही उघडायचं बंद केलं. क्लासला मात्र जात राहिलो. सर इतरांना मी कसा नियमित येतो ते सांगायचे.

पाडव्याला चार दिवस राहिले तेव्हा बायको म्हणाली, "अहो, शेडवाल्याचा परत फोन आला. काढले का पैसे?"

"काढतो."

"काढतो काढतो करताय पंधरा दिवस. बँकेत हायेत ना?"

शहाण्णवला विकले आणि जेवायच्या आधी तिला सांगितलं. तिच्या तीन रुपयांतला एक उरला होता. एकास तीनच, फक्त उलट बाजूने. सांगताना बाजाराला चार शिव्या घातल्या आणि स्टॉपलॉस म्हणजे काय तेही समजावलं. सवय जाते कुठे.

ती ऐकत होती. बोटांच्या कडांना काळा रंग होता.

"म्हणजे चुकलं हे तुम्हाला कधी कळलं?"

"दोनशे पंच्याऐंशीला."

"आणि मला कधी सांगताय?"

मी पाण्याचा तांब्या भरायला उठलो.

"बोला की. आकडा सांगा."

"शहाण्णवला."

"मग बाजाराला कशाला नावं ठेवायची," ती म्हणाली आणि दोन ताटं वाढली.

शेड पाडव्याला दुसऱ्या बाईने घेतली. आखणीला हात चांगला हवा म्हणून तिने हिलाच बोलावलं. रोज नऊला आमची ही तिथे जाते, दुसरीच्या मूर्तींना डोळे काढते. परवा मी विचारलं, "कशी आहे गो शेड?"

"पत्रा तापतो दुपारचा," ती म्हणाली. "मी घेतली असती तर आधी वर झावळ्या टाकल्या असत्या."