कापलेल्या तीन वायरी

मला लोंबती वायर बघवत नाही. कळंबोलीत कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका गाळ्यात मी तीस वर्षं वायरमन आहे. वायर लागेल तेवढीच ठेवायची, उरलेली कापायची, हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात. माझ्या उस्तादांनी एकदा माझ्या हातून दोन बोटं जास्त राहिलेली वायर सगळ्यांसमोर धरून विचारलं होतं, "ही काय, म्हैस बांधायला ठेवलीस?" तेव्हापासून मी जो कापत सुटलोय तो सुटलोयच. घरातल्या टीव्हीच्या मागची वायरसुद्धा मी सोडलेली नाही.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जासईकडच्या एका यार्डात कंटेनर उचलायची अवाढव्य गाडी चालवायचे. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, पण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. कडेकडेनं अंधार होत होत मध्ये येतो. डॉक्टर म्हणाले, "आहे ती टिकवायचा प्रयत्न करू." त्या 'प्रयत्न' शब्दावरून आम्ही काय ते समजलो. गाडी सुटली, नोकरी सुटली. सुकापूरच्या फ्लॅटमध्ये बसून बसून हा माणूस करणार काय? तर विमान! फोमचे तक्ते, डिंक, बॅटरी, छोटी मोटर, मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, सगळं घरपोच मागवलं. भिंग लावून, नाक टेकवून कापाकापी करायचे. ताई चिडायची, "वय काय, खेळता काय!" तेव्हा ते म्हणाले होते, "नजर हाय तवर आपल्या हातचं उडताना बघायचं. एकदाच. मग काय व्हायचं ते होवो."

ताईने भिंग पुसून त्यांच्या हातात दिलं.

मार्चमध्ये ते विमान घेऊन माझ्या गाळ्यात आले. पंखा उलटा फिरत होता. मोटरच्या तीन वायरी कंट्रोलरच्या तीन वायरींना जोडलेल्या असतात. त्यातल्या कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की मोटर उलटीची सुलटी फिरते. पाण्याच्या पंपाला आम्ही रोज तेच करतो. मी दोन वायरी बदलल्या, पंखा सरळ फिरला. "एवढंच व्हतं?" म्हणत भावोजींनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की चहा सांडला.

तिथंच मी हात आवरायला हवा होता. पण मोटरच्या त्या तीन वायरी वीतभर लांब, विमानाच्या पोटात गुंता होऊन पडलेल्या. माझे हात शिवशिवायला लागले. मी कटर उचलला तसे भावोजी म्हणाले, "थांब रं. मोटरच्या वायरी कापू नका, असं मोटरसंगं आलेल्या कागदावर लिवलंय. मी भिंगानं वाचलाय."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "भावोजी, कागद लिहिणाऱ्याने कधी पॅनल बांधलंय काय? तुम्ही गाडी चालवलीत, मी वायरिंग केलंय. ज्याचं काम त्यानं करावं."

मी तिन्ही वायरी मुळापासून दोन बोटांवर कापल्या, नवे पितळी जोड पान्याने दाबून बसवले, वर काळी नळी चढवली. काय देखणं काम झालं होतं! फोटोसुद्धा काढला मी. मीटर लावला, बझर वाजला. बझर वाजला म्हणजे वायर बरोबर, ही आमच्या धंद्यातली शपथ.

विमानतळ झाल्यापासून इथं जवळपास काही उडवायची सोय नाही. नकाशात बघून, परवानगी असलेली, नेऱ्याच्या पुढची एक पडीक जमीन शोधली. रविवारी सकाळी भावोजी हातात रिमोट घेऊन उभे, मी विमान धरून. हळू फिरवलं तर पंखा लोण्यासारखा फिरला. पण वेग पूर्ण देऊन मी विमान फेकलं आणि मोटरने नुसती कर्रकर्र केली, पंखा मागेपुढे झटके खायला लागला, आणि विमान दहा पावलांवर गवतात नाक खुपसून पडलं.

"कंट्रोलर गंडलाय," मी छातीठोकपणे सांगितलं.

नवा कंट्रोलर आला. कर्रकर्र. मग मी बॅटरीवर आळ घेतला, मग पंख्याच्या वजनावर, मग रिमोटवर. चोर सोडून संन्याशाला फाशी! दर रविवारी मी मीटर लावायचो, बझर वाजायचा, आणि माझ्या त्या तीन देखण्या जोडांकडे मला संशयाने बघायची गरजच वाटायची नाही. पहिल्या रविवारी भावोजींनी शेताचा बांध एकट्याने ओलांडला होता. मेअखेरीस त्यांनी ताईचा खांदा धरला. मग चार महिने पाऊस. विमान माझ्या गाळ्यात माळ्यावर पडून राहिलं. ते फोन करायचे, "बघितलंस काय रं?" मी म्हणायचो, "बघतो, भावोजी. कामाचा डोंगर आहे." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मला कारण सापडत नव्हतं आणि ते कबूल करायची लाज वाटत होती.

दसऱ्याच्या सुमारास शेजारच्या गाळ्यातले मोटर रिवाइंडिंगवाले चाचा सहज आले. त्यांनी विमान उचललं, काळी नळी नखाने सरकवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मियाँ, ही वायर नाय. ही मोटरच्या आतलीच तार बाहेर आलीय. हिच्या केसासारख्या एकेका तारेवर वीज अडवणारं वार्निश असतं. कारखान्यात टोकाला जाळून काढतात. तू टोकच कापलंस, आणि वार्निशवर जोड दाबलास. खरवडलंस काय?"

नव्हतं खरवडलं. जोड दाबताना दोनचार केस सोलले गेले असणार. बझर वाजायला तेवढे पुरे. मोटर जोरात फिरवायला नाही. मी तिथंच स्टुलावर बसलो. कागदावर लिहिलेलं होतं, भिंगाने वाचलेलं होतं, मला तोंडावर सांगितलेलं होतं. आता खरवडायला गेलो तर उरलेल्या दोन बोटांतली एक तार मुळाशीच तुटली. चाचा म्हणाले, "हिचा विषय संपला."

मी सुकापूरला जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं शिव्या देतील, निदान आवाज चढवतील. शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्यांनी एवढंच विचारलं, "नवी मोटर लावली की उडंल ना?"

नवी मोटर आली. वायरींना मी हातसुद्धा लावला नाही. दोन दिवस सकाळी एकटा जाऊन आपटत आपटत विमान उडवायला शिकलो, कारण भावोजींना आता रिमोटवरचं बटण बोटाने चाचपून शोधावं लागत होतं. दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही तिघं गेलो. ताईने त्यांना खुर्ची मांडून दिली.

विमान उडालं. खरंच उडालं हो! कुरकुर नाही, झटका नाही. पांढरं शुभ्र, डोंगराच्या बाजूने वर चढलं. मला त्याच्यावरून नजर हलवता येत नव्हती. मी नुसता ओरडत होतो, "डावीकडे बघा, भावोजी! आता वर, झाडाच्या वर!"

"कुठं हाय? कुठं?" बराच वेळ तेच. मग एकदम, "दिसलं! दिसलं रं! काय वळतंय!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आठ महिन्यांचं ओझं उतरलं असं वाटलं. तेवढ्यात ताई माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "अरे, ते तिकडे बघतायत."

मी विमान कसंबसं उतरवलं, गवतात, माझ्या पायाजवळ. मोटर थांबली. मग वळून बघितलं. भावोजी खुर्चीत मान उंचावून पार दुसऱ्या बाजूला बघत होते. तिथं उंच एक घार गोल गोल फिरत होती. पंख न हलवता.

"मोटर बंद केलीस ना?" ते म्हणाले. तोंडभर हसत होते. "तरी बघ कसं तरंगतंय. पडत नाय."

ताईने तोंडाला पदर लावला. मी म्हणालो, "हो, भावोजी."

"एवढ्यात उतरवू नको," ते म्हणाले.