बकरी मेथी खाऊन राह्यली

मला बोलता येत नाही. जन्मापासून नाही, सहा वर्षांपासून. घशात गाठ निघाली, नागपूरच्या डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली आणि श्वासासाठी गळ्यावर एक भोक ठेवलं. तेव्हापासून मी पाटीवर लिहिते आणि टाळ्या वाजवते. दोन टाळ्या म्हणजे इकडे ये, तीन म्हणजे आत्ताच्या आत्ता ये. जीव वाचला, त्याबद्दल तक्रार नाही. पण जी बाई तीस वर्षं इचोड्याच्या बाजारात वांगी-टमाटे ओरडून विकत होती, तिच्याच हाती देवानं पाटी द्यावी, ही काय रीत झाली?

आणि माझा आवाज साधासुधा नव्हता, बाप्पा. मी बाजारात हाळी दिली की हायवेवरचा ट्रकवाला खिडकीतून मान काढायचा. सासू म्हणायची, "हिच्या गळ्यात देवानं भोंगा बसवून धाडला." लग्न जमवताना हे कोणी सांगितलं नाही, असंही म्हणायची. मी तेही ऐकून घ्यायची आणि दुप्पट मोठ्यानं उत्तर द्यायची.

नात जन्मली ती ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी. तिनं माझा आवाज ऐकलाच नाही. शाळेत सांगते, "माझ्या आजीचा आवाज टाळीचा आहे." मागच्या वर्षी मी मेथी निवडत होते, ही येऊन मांडीला टेकली आणि म्हणाली, "आजी, तू पयले बोलत होतीस तं कशी बोलत होतीस?"

मी पाटीवर लिहिलं, मोठ्यानं.

"तसं नाही गं. आवाज कसा होता? मम्मीसारखा का आमच्या टीचरसारखा?"

आता ह्याचं उत्तर पाटीवर कसं लिहायचं? गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते पोरानं आणलं होतं. मी एकदा लावून तिला हाक मारली. असला खरखरीत, सपाट आवाज निघाला की पोरगी भेदरून आईच्या मागे लपली. तो कसा माझा आवाज असेल? ते यंत्र मी कपाटात टाकलं. मग घरातले जुने फोन, पोराच्या लग्नाची सीडी, सगळं धुंडाळलं. सीडीत मी आहे, चांगलं तोंड उघडून कोणाला तरी झापते आहे, पण वरून सनई लावलेली. फोनमध्ये सापडलं ते ऑपरेशनआधीच्या शेवटच्या वर्षातलं, आवाज बसून गेल्यानंतरचं. मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले, आणि रडण्यालाही आवाज नाही हे त्या दिवशी कळलं.

खरं तर एका जागी माझा आवाज होता. चांगला, वयाच्या विसाव्या वर्षीचा. तो मी स्वतःच्या हातानं भंगारवाल्याला दिला.

ते असं झालं. आमचे हे लग्नाआधी दोन वर्षं नागपुरात शिकायला होते. शिक्षण किती झालं देव जाणे, पण येताना एक वेड घेऊन आले. साता समुद्रापारचे चार गाणेवाले. गिटार, ढोल, आरडाओरडा. माझ्या संसारात मी पाऊल टाकलं तर खोलीत त्या चौघांचा कागद चिकटवलेला. केस खांद्यापर्यंत, अंघोळ कधी केली असेल सांगता येत नाही. मी म्हटलं, "हे कोन? तुमचे पाव्हने?" ह्यांना राग आला. गाणं लागलं की मला तर भांड्यांचं ताटाळं पडल्यासारखं वाटायचं. आणि हे डोळे मिटून, मान हलवत. बाहेर भाजीला पाणी द्यायचं पडलेलं.

एके दिवशी ह्यांचा नागपूरचा मित्र हैदराबादला जाता जाता दुपारपुरता उतरला. त्याच्याजवळ त्या चौघांची नवी कॅसेट. चारच्या बसनं तो जाणार, कॅसेटही जाणार. मग ह्यांनी पंक्चरच्या दुकानवाल्या मित्राकडून दुसरा टेप आणला. दोन टेप बाजेवर समोरासमोर ठेवले, एक वाजवायचा, दुसऱ्यानं ऐकून भरून घ्यायचं. घरात सगळ्यांना ताकीद, कोणी खोकायचं नाही. सासूनं पदराचा बोळा तोंडात धरला. मला अंगणात घालवलं.

शेवटचं गाणं लांबलचक. हळू सुरू होतं, चढत चढत जातं आणि मधेच सगळं थांबतं. एकदम. दोन श्वास काहीच नाही. नेमकं तेव्हाच शेजाऱ्याची बकरी कुंपणातून शिरली आणि माझ्या मेथीच्या वाफ्यात उभी राहिली. मी काय करणार? होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "अवोऽऽ, बकरी मेथी खाऊन राह्यली नाऽऽ!"

आणि माझ्या 'ना'वर ढोल कोसळले.

हे तणतणत बाहेर आले. "काय केलं वं तू हे! सत्यानाश केला गान्याचा!"

"बकरी मेथी खाईन तं काय आरती ओवाळू तिची?"

पुन्हा भरायला वेळ नव्हता. मित्र बसमध्ये बसला, कॅसेट गेली. आमचं दोन दिवस बोलणं बंद. बकरीला मात्र कोणी काही बोललं नाही.

त्यानंतर ते गाणं आमच्या घरात हजारदा वाजलं असेल. मित्र जमायचे, चहा मी करायची. पण ती जागा आली की ह्यांचा हात टेपच्या बटणावर जायचा आणि आवाज बारीक व्हायचा. माझी हाक निघून गेली की परत मोठा. दर वेळी. वर्षानुवर्षं. मी चुलीजवळून पाहायची. बायकोचा आवाज बाजारात चालतो, पैसे येतात तेव्हा गोड लागतो, गाण्यात मात्र विटाळ होतो, असं मी मनात धरून ठेवलं. बोलले कधीच नाही. एरवी सगळं बोलणारी मी, हे तेवढं गिळलं.

म्हणून आठ वर्षांपूर्वी घराला रंग काढला तेव्हा, हे शेतात असताना, कॅसेटींचा अख्खा खोका मी भंगारवाल्याला देऊन टाकला आणि त्यावर प्लास्टिकचं एक टोपलं घेतलं. संध्याकाळी हे रिकाम्या फळीकडे बघत बसले. मला जिंकल्यासारखं वाटलं. दोन वर्षांनी देवानं माझा आवाज नेला. टोपलं अजून घरात आहे.

यंदा बातमी आली की त्या चौघांतला गिटारवाला गेला. ह्यांनी पाण्याची मोटर बंद केली आणि शेताच्या धुऱ्यावर बसून रडले. स्वतः पासष्टीचे, आणि ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याची भाषा धड कळत नाही, त्याच्यासाठी ढसाढसा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं ऑपरेशन झालं तेव्हा ह्यांच्या डोळ्यात टिपूस नव्हतं. पण रविवारी हे म्हणाले, "पंक्चरवाल्याकडे सगळे जमून राह्यले. चल ना वं तू पन." इतक्या वर्षांत कधी बोलावलं नव्हतं. मी नातीचा हात धरला आणि गेले.

दुकानामागे कडुनिंबाखाली दुपारी पंधरा-वीस माणसं जमली होती. सगळे आमच्या वयाचे, कोणाला टक्कल, कोणाच्या हातात काठी. मला वाटलं होतं, टवाळ म्हातारे असतील. पण एकेक जण उठून बोलायला लागला आणि मी बघतच राहिले. बोथचा एक मास्तर म्हणाला, बायको गेली त्या वर्षी मी त्या शेवटच्या लांबलचक गाण्यावर जगलो. एका ट्रकवाल्यानं सांगितलं, दारूची आठवण आली की कॅसेट लावायचो, गाणं संपेपर्यंत इच्छा निघून जायची, अशी सुटली. जंगलखात्यातून निवृत्त झालेला एक तेलुगू माणूस बेज्जूरहून बस बदलत बदलत आला होता. अकरा वर्षं एकट्यानं चौकी सांभाळली, सोबतीला हे गाणं. त्या चौघांनी इचोडा हे नावही ऐकलं नसेल. आणि इथे माणसं त्यांच्या आधारानं उभी राहिली होती. माय माय, मी म्हटलं, चाळीस वर्षं आपण ह्याला ताटाळं म्हणत होतो.

मास्तरच्या पोरानं वडिलांची कॅसेट पेनड्राइव्हमध्ये उतरवली होती. ती लावली. हे स्पीकरजवळ बसले. शेवटचं गाणं आलं, चढलं, थांबलं. आणि ती सगळी म्हातारी माणसं एका सुरात ओरडली, "अवोऽऽ, बकरी मेथी खाऊन राह्यली नाऽऽ!"

ढोल कोसळले.

माझ्या हातातला पेला पडला. त्या कल्लोळात माझा आवाज ऐकू आला नाही, पण माझी हाक होती, माझाच हेल होता. बेज्जूरवाल्याला मराठी येत नाही, तोही डोळे मिटून बकरी मेथी करत होता.

मी पाटीवर लिहून पंक्चरवाल्या भाऊजींना विचारलं, हे काय?

"वहिनी, तुमाले ठाऊक नाही? तवा मी पंक्चरसंगं टेपबी दुरुस्त करो, तुमचा टेप कॅसेटसकट दुकानी आला अन् मी चोरून कापी केली. माझ्यावरून ह्या सगळ्याइनं. अवघ्या जिल्ह्यात हेच गानं आहे."

बेज्जूरवाला हिंदीत म्हणाला, "बेटे ने असली गाना सुनाया, अम्मा. मैंने बोला, आधा है. उस औरत की आवाज किधर गई? मैं तो समझता था, उन्हीं के साथ की कोई गानेवाली है."

भाऊजींनी माझ्याकडे बोट केलं. "ही ती गानेवाली."

माणसं हसली आणि मग त्यांची नजर माझ्या गळ्यावर गेली. हळूहळू एकेक जण उठून उभा राहिला. काठीवालाही. बेज्जूरवाल्यानं हात जोडले. मला कुठे बघावं ते कळेना.

मी पाटी पुसली. लिहिलं, पुन्हा लावा. कोणी ओरडू नका. नातीला ऐकू द्या.

गाणं परत लागलं. नातीला मांडीवर घेऊन मी पहिल्यांदा ते कान देऊन ऐकलं. ते चढत गेलं तसा माझ्या अंगावर काटा आला. काहीतरी जीव तोडून मागत होता तो गिटारवाला, आणि थांबत नव्हता. ती जागा जवळ आली. ह्यांचा हात बटणाकडे गेला. झालं, मी म्हटलं, इथेही.

ह्यांनी आवाज वाढवला. शेवटपर्यंत.

आणि कडुनिंबाखाली मी ओरडले. विशीतली मी, रागानं लाल झालेली, गळा फाडून. हायवेपलीकडचे लोक वळून पाहायला लागले. काय आवाज होता, देवा! काय आवाज दिला होतास मला!

नात स्पीकरकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. "आजी, ही तू?"

मी मान हलवली.

"मंग बकरी हाकलली का?"

सगळे हसले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. हे खाली मान घालून म्हणाले, "पयल्या वर्षी हे सारे तुले हासत होते वं. मले ते खपे ना. तवापासून हात आपसूक जाय बटनावर. लाज नवती वाटत मले तुयी."

चाळीस वर्षं गिळलेलं माझ्या घशात आलं. बोलता आलं असतं तर पहिले ह्यांना चांगलं झापलं असतं, आधी सांगायला काय झालं होतं म्हणून. मी पाटी घेतली. अक्षर वाकडं आलं, पण ह्यांना वाचता आलं.

परत लावा. पहिल्यापासून.