डोंग्यातून उतरलेला माणूस

नेटवरचे अमानवीय अनुभवांचे धागे मी आजवर जेवणानंतरची करमणूक म्हणून वाचत आले. आमच्या घरी देवाचं सगळं व्हायचं, पण अंगात येणं, बाहेरचं लागणं असलं काही कुणी मनावर घेत नसे. वडील म्हणायचे, आधी ताप बघा. मीही त्यातलीच. खरं तर मी लिहायला निघाले होते ते दुर्लक्षित जुन्या व्हिडिओ गेम्सच्या धाग्यावर... पण त्या गेमचं कौतुक पुढच्या प्रसंगाशिवाय सांगता येईना. म्हणून इथे.

नव्वदीच्या दशकाचा शेवट. आम्ही बल्लारपूरला, स्टेशनच्या मागच्या वस्तीत राहायचो. वडील कोळसा खाणीत. माझ्या मोठ्या भावाने, प्रमोददादाने, चंद्रपूरच्या गोल बाजारातून टीव्हीला जोडायचा गेम आणला होता आणि सोबत एक पिवळी कॅसेट. तिच्यात रणगाडे होते, विमानं होती, बंदुका घेऊन पळणारे दोघे होते. वस्तीतली पोरं त्यावर तुटून पडायची. यादीत सगळ्यात खाली एक गेम होता, त्याचं नाव चिनी अक्षरांत. आम्ही त्याला 'डोंगा' म्हणायचो.

त्यात कुणी कुणाला मारत नाही. एक नदी, दोन्ही काठांना झाडं आणि एक डोंगा, म्हणजे लाकडी होडी. मागचा माणूस बांबूने डोंगा ढकलतो, पुढचा खडक बघून डोंग्याचं नाक वळवतो. दोघांचं जमलं तर पुढे, नाहीतर खडकावर. पोरांना पाच मिनिटांत कंटाळा यायचा. "हे काय, मासे धराले चाल्ले का?" म्हणायचे. पण मला आजही वाटतं, इतका शहाणा गेम मी दुसरा खेळले नाही. त्यात जोडीदार काय करणार हे त्याने करायच्या आधी ओळखावं लागायचं. मी मागे, दादा पुढे. बोलायची गरज पडायची नाही.

मग दादाला मलेरिया विभागात नोकरी लागली, एटापल्लीकडे. गावोगाव फिरून रक्ताचे नमुने घ्यायचे. तिकडे फोनची सोय यथातथाच, आठवडा आठवडा खबर नसे. त्याच्या खेळायच्या पॅडचा कॉन्टॅक्ट लूज झाला होता, म्हणून मी त्याची पिन काढून पॅड कपाटावर टाकला. अधूनमधून एकटी डोंगा लावायचे. पुढचा माणूस नुसता बसलेला, त्यामुळे पहिल्या वळणालाच खडक ठरलेला.

राखीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. दुपार होती, आई शेजारी तांदूळ निवडत होती. पहिलं वळण आलं आणि पुढच्या माणसाने नाक वळवलं.

मला वाटलं, चुकून झालं. मग दुसरं वळण, तिसरं... तो बरोबर वळवत होता, तेही दादासारखं, अगदी शेवटच्या क्षणाला. मी कपाटावर पाहिलं. पॅड तिथेच, वायर खाली लोंबत होती.

"आई, हे बघ ना. दुसरा माणूस आपोआप चालून राह्यला."

"लाईन कमीजास्त होत असन," आई म्हणाली, पण हातातलं सूप तिने खाली ठेवलं.

पुढे नदी रुंद झाली. तिथे त्याने डोंगा काठाला लावला. मी बटण दाबत होते, बांबू हलत होता, डोंगा जागचा हलेना. अंगठा दुखेपर्यंत दाबलं. मग पुढचा माणूस उठला आणि काठावर उतरला.

जे हा गेम खेळले असतील त्यांना ठाऊक आहे, त्यात उतरता येत नाही. ते बटणच नाही. तो काठावर पाठमोरा उभा राहिला. मी डोंग्यात एकटी.

"बंद कर ते," आई म्हणाली. मी बंद केलं.

राखीला दादा आला. गालफडं बसलेली. जेवून हात धुतल्यावर वडिलांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. एका गावी जायला नदी ओलांडायची होती, पाणी चढलेलं. तो डोंग्यात पुढे बसला होता. नावाडी बांबू रेटतोय, पण डोंगा काठ सोडेना.

"गाळात रुतला असन," वडील म्हणाले.

"नाई जी. पाण्यातच होता. मले वाटलं, वजन जास्त झालं, म्हणून मी उतरलो. उतरल्याबरोबर सुटला."

मध्यावर वाहत आलेलं झाड आदळलं आणि डोंगा उलटला. नावाडी पोहून निघाला, एक बाईही. डोंगा सुटताच दादाच्या रिकाम्या जागेवर काठावरचा एक जण उडी मारून बसला होता. बाजाराला निघालेला, तरणाताठा. तो दुसऱ्या दिवशी खाली सापडला.

कोणत्या दिवशी, मी विचारलं. त्याने सांगितलं. दिवस तोच निघाला. वेळेचं मी छातीठोक सांगणार नाही, घड्याळ मी पाहिलं नव्हतं आणि त्यानेही.

मग मी त्याला टीव्हीवर घडलेलं सगळं सांगितलं. आईने मान डोलावली. मला वाटलं होतं, तो हसेल, किंवा घाबरेल. तो हातातल्या राखीचा गोंडा फिरवत राहिला.

"बेबी," तो म्हणाला, "मले उतरवलं ते ठीक. मग त्याले काऊन बसू देल्लं?"

मी तर बटण पुढे जायचंच दाबत होते.

दोन-तीन वर्षांपूर्वी हा गेम मला कॉम्प्युटरवर पुन्हा मिळाला. जुन्या गेम्सची आतली रचना उलगडणाऱ्या एका ओळखीच्या मुलाकडून तपासून घेतला. उतरणाऱ्या माणसाचं चित्रच त्यात नाही, तो म्हणाला. पॅडशिवाय दुसरा माणूस हलण्याचंही काही नाही. आईला तेव्हाचं विचारलं तर ती म्हणते, उतरला होता, मी पाहिला.

दादा आता निवृत्तीला आलाय. त्या गावाकडे तो अजूनही वर्षातून एकदा जातो, बुडालेल्या त्या माणसाच्या घरी. तिथे काय बोलतो, ते मी कधी विचारलेलं नाही. हे कसं झालं, ते आम्हा तिघांपैकी कुणालाच आजही सांगता येत नाही.