घागरीवरचं नाव

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि नळ आटले होते. आमच्या कॉलेजातला एक गडी नवा धंदा सांगताना आधी चपला काढायचा, देवळात शिरल्यासारखा. “ह्योबी फसला तर निलंग्याला जाऊन नांगर धरतो,” म्हणत तो जिल्ह्याच्या पाट्या रंगवून उरलेला रंगाचा डबा घेऊन टँकरच्या रांगेत बसला. घागरींवरून रोज भांडणं व्हायची; हा त्यांच्यावर नावं घालून देणार होता.

“मालकाचं नाव सांगा, मावशी.”

“अगं बाई! नाव कसं घ्यावं?” सगळ्या पदराआड हसल्या. एकीही घागर पुढं करीना.

तेवढ्यात एक म्हातारी गरजली, “डोक्यावर मी वाहायची, अन् नाव त्याचं? माझं लिही. गंगू!”

मग घागरींची रीघ लागली.

दुसऱ्या दिवशी टँकरवाल्यानं घागर वाचून हाक मारली, “गंगू कोन हाय?”

गंगूचा मिशाळ म्हातारा लाजत पुढं आला. “मीच हाय.”