नारळासाठी बंद केलेली जीप

दसऱ्याला आज दिराने पूजेसाठी गाडीचं बॉनेट उघडून पाइपने पाणी मारलं. ओल्या लोखंडाचा तो वास आला आणि माझं डोकं फिरलं.

काही वर्षांपूर्वी राहुरीला माझी नोकरीची मुलाखत होती. आदल्या दिवशी दसऱ्याला सासऱ्यांनी जुन्या जीपचं इंजिन असंच धुतलं होतं. सकाळी चावी फिरवली, तर नुसतं टक्.

"बॅटरी बसली," सासरे म्हणाले.

"मामा, हॉर्न तर खणखणीत वाजतोय," मी म्हटलं. स्टार्टरला वीज जोडणारा त्यावरचा सोलेनॉइड पाण्याने अडकला होता. मामांना चावी फिरवायला सांगून मी त्यावर पान्याने हलकेच ठोकलं. जीप सुरू झाली.

मी हात पुसून बसणार, तोच मामांनी इंजिन बंद केलं. "नारळ फोडू आधी. चालू गाडीम्होरं फोडत न्हाईत."

नारळ फुटला. पुन्हा चावी, पुन्हा टक्. या वेळी कितीही ठोकलं तरी सोलेनॉइड सुटला नाही, आणि राहुरीला जाणारी सकाळची एसटीही केव्हाच गेली होती.

"जाऊ दे पोरी, नशिबात नव्हतं," म्हणत मामांनी माझ्या हातावर खोबरं ठेवलं.

तेव्हा मी जीपवर चिडले होते. जीप तर सुरू झाली होती.