आप्पांच्या नावापुढचा शेरा

मन्नाएखेळ्ळीच्या हमरस्त्यावर रहीमभाईंचं टायरचं दुकान आहे. मागच्या खोलीत आम्ही दोघं निजामाच्या काळातल्या शेतसाऱ्याच्या याद्यांच्या झेरॉक्स वाचत बसतो. उर्दू त्यांची, मोडी माझी. लोक आपले पणजोबा शोधायला येतात आणि आमच्याकडे किस्से साचत जातात. हसवावं म्हणून सांगायला घेतो, पण सांगताना मीच आधी मागे वळून बघतो.

*

कलबुर्गीचे एक इंजिनियर आले. खुर्चीत टेकेनात. म्हणाले, "भाई, आधी मनात वाचा. कायी वंगाळ असलं तर सापडलं न्हाई म्हणा."

त्यांच्या पणजोबांचं नाव यादीत खरंच नव्हतं. तसं सांगितलं, तर साहेबांना घाम फुटला. "खरंच न्हाई, का लपवायलाव?"

*

ठाणाकुशनूरचे माणिकअण्णा शेतकरी. त्यांचे पणजोबा मेल्यावरही कितीतरी वर्षं सारा भरत होते!

मी समजावलं, "नाव बदलायला गेलं की पटवारी शेत पुन्हा मोजायचा, सारा वाढायचा. म्हणून लोक मेलेल्यालाच कागदावर जिवंत ठेवायचे."

अण्णा उठले, दाराबाहेर डोकावून आले. "गुरुजी, हळू बोला. आमचं शेत आजून बापाच्याच नावावर हाय."

*

रहीमभाई मला विचारतात, "गुरुजी, तुमच्या गावची यादी कवा वाचायची?" मी म्हणतो, "चष्मा बदलला की." चष्मा बदलून झाला. यादी अजून कपाटातच आहे.

*

हळ्ळीखेडच्या सुमित्राअक्का, नव्वदीला टेकलेल्या शिक्षिका. आईबाप लहानपणीच गेले, आजोबांनी, म्हणजे आप्पांनी वाढवलं. "मला दुसरं कायी नको. आमच्या आप्पाचं नाव तेवढं दावा."

नाव सापडलं. आप्पांच्या बापाचं नाव तेच, शेतही तेच. पुढे शेरा होता: फौत, म्हणजे मयत. साल अक्कांच्या जन्माआधीचं.

रहीमभाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. मी परत त्यांच्याकडे.

"काय लिवलंय?"

सांगावंच लागलं. "पण अक्का, पटवारी चुकायचे," असंही म्हणालो. मेलेल्याला जिवंत ठेवलेलं मी पुष्कळ पाहिलंय. जिवंत माणसाला मेलेला लिहिलेलं कधीच नाही. मला खरंच भीती वाटत होती.

अक्कांनी शेऱ्यावर बोट ठेवलं.

"आप्पा समोर बसून जेवायचे," त्या म्हणाल्या, "तरी आज्जीचं कपाळ पांढरं. कामून म्हणून इचारलं, की म्हणायची, गप जेव."